कवडू मिस्त्रीचे टायर

टायरवर बसलेला माणूस दिसला की माझं डोकं अजूनही फिरतं. पंक्चरच्या दुकानात, मोटारस्टँडवर, चहाच्या टपरीपुढे लोक खुशाल टायर आडवा टाकतात आणि पाटासारखे त्यावर बसतात. मी काही मोटारीतला माणूस नव्हे. इतिहास घेऊन बी.ए. झालो, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. वडील अकोल्याच्या कापूसबाजारात मापारी होते आणि सहीपुरतं लिहीत. हे मी सगळीकडे सांगतो, म्हणून इथंही सांगितलं. पण टायरवर बसू नये हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. ते कवडू मिस्त्रीनं शिकवलं, पहिल्याच भेटीत, नाव-गाव विचारण्याच्या आधी.

"बाबू, उठा."

"का हो?"

"काहून म्हंजे? तुमच्या बुडाखाली हबीबचा जीव हाय."

हबीब कोण, त्याचा जीव माझ्या बुडाखाली कसा, काही कळलं नाही. एक किडकिडीत, खाकी अर्ध्या चड्डीतला, कानावर खडू खोचलेला माणूस मला उठवतो याचाच राग आला. मी उठलो. त्यानं टायर उभा केला, माझ्या धोतराचा स्पर्श पुसावा तसा गमछानं पुसला आणि भिंतीशी टेकवला. माझ्याकडे पुन्हा पाहिलंही नाही.

ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना डाव्या हाताला टिनाचं एक मोठं शेड होतं. ते आमच्या भाऊसाहेबांचं. भाऊसाहेब म्हणजे काळ्या जमिनीचे मालक आणि शंकरपटाचे वेडे. बैलांच्या शर्यतीपायी त्यांनी उभी हयात घालवली. एका पटात त्यांच्या जोडीतला उजवा बैल धावेवरच कोसळला, तेव्हा त्यांनी बैलाला पुन्हा चाबूक लावणार नाही अशी शपथ घेतली आणि काय करावं, तर एका फिरत्या खेळवाल्याकडून 'मौतका कुआ' विकत घेतला. फळ्यांची उंच गोल विहीर, तिच्या आतल्या उभ्या भिंतीवर दोन फटफट्या आणि एक लाल बुटकी मोटार गरगर फिरायची, लोक वरून वाकून बघायचे. ती मोटार म्हणे कधीकाळी मुंबईकडे रेसमध्ये पळाली होती. भाऊसाहेब तिला 'रेसची' म्हणत. शेख हबीब तिचा ड्रायव्हर, अकोल्याचा, पाच पोरींचा बाप. जत्रांचे परवाने, मैदानांचे अर्ज, पाट्यांचा मजकूर हे लिहायला भाऊसाहेबांनी मला ठेवलं. मला ते नावानं हाक मारत नसत. "ए बी.ए., इकडे ये." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आणि कवडू मिस्त्री म्हणजे ह्या सगळ्या लवाजम्याचा सुतार, फिटर, लोहार, जे म्हणाल ते. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं याला जन्मताच सुईणीच्या पदरात टाकून एका कवडीला परत विकत घेतला. ते तो स्वतःच सांगायचा. "माह्यी किंमत तवाच ठरली, बाबू. आता कोनी वाढवून देत नाई." लढाईच्या दिवसांत तो कामठीच्या लष्करी वर्कशॉपात टायरांवर होता. तिथल्या गोऱ्या साहेबानं काय शिकवलं कोण जाणे, पण रबराबद्दल त्याच्याइतकं जाणणारा माणूस मी पुढं पाहिला नाही. टायर हातात आला की आधी नाकाशी न्यायचा. मग बोटाच्या पेरानं ठकठक वाजवायचा, बाई मडकं वाजवते तसा. आपण विचारायचं, "कसा आहे मिस्त्री?" उत्तर ठरलेलं: "पायतो मंग सांगतो." हे 'पायतो मंग सांगतो' दोन दिवसही चालायचं. भाऊसाहेबांचा पारा चढायचा. "अरे कवड्या, टायर पाहून राहिला का पोरगी?"

"पोरगी पायली असती त एवढा येळ नसता लागला, भाऊसायेब."

मोजायला टेप वापरत नसे. एक सुतळी होती, तिला गाठी. कोणती गाठ कशाची, ते त्यालाच ठाऊक. तंबाखू खायचा, पण शेडमध्ये थुंकताना मी त्याला पाहिला नाही, बाहेर बाभळीखाली जायचा. चहाच्या वेळी शेडमध्ये सगळ्यांना कप यायचे आणि कान तुटलेला एक कप खिडकीत वेगळा उपडा असायचा. तो कोणाचा होता ते मला कोणी सांगितलं नाही, सांगावं लागलंही नाही. छप्पन्न सालच्या दसऱ्याला कवडू नागपूरला जाऊन बौद्ध झाला होता. परत आल्यावर त्यानं त्या कपाला हात लावला नाही. घरून स्वतःचा जर्मनचा पेला आणू लागला. भांडला नाही. पण कप तिथंच राहिला आणि भाऊसाहेबांच्या मनातही काहीतरी राहिलं.

त्या हंगामात एका जत्रेत हबीबची मोटार भिंतीवर असताना मागचा टायर फुटला. मोटार घसरत, फळ्या खरवडत खाली आली. हबीबच्या गळ्याचं हाड मोडलं, एवढ्यावर निभावलं. लोकांना वाटलं हाही खेळातलाच भाग, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिकिटाच्या खिडकीत होतो, मलाही तसंच वाटलं. कवडू मात्र विहिरीच्या खालच्या दारातून आत धावला. हबीबला उचलून बाहेर काढल्यावर तो पुन्हा आत गेला आणि फुटलेला टायर घेऊन आला. नाकाशी नेला. या खेपेला 'पायतो' म्हणाला नाही.

"घासलेट," म्हणाला. "घासलेट खाल्लं यानं."

झालं होतं असं की आमचा सगळा संसार ट्रकमागच्या एका बंद ट्रेलरमधून जायचा. लष्कराच्या भंगारातला लोखंडी डब्बा होता तो; आम्ही डब्बाच म्हणायचो. त्यात मोटार, फटफट्या, पेट्रोमॅक्सचे घासलेटचे डबे, बॅटरी, कनाती, सतरंज्या, भाऊसाहेबांचं लोणचं. रस्त्यावर ओढायला मोटारीला झिजून गुळगुळीत गोटा झालेले जुने टायर असत; भिंतीवर चढायचे चार चांगले टायर वेगळे. ते चार टायर ह्या सगळ्याच्या तळाशी आडवे पडलेले असायचे. वर डबे, डबे गळायचे. कवडू वर्षभर ओरडत होता. टायराला डब्ब्यात जागा द्या, जागा द्या. कोणी लक्ष दिलं नाही. हाड मोडल्यावर दिलं.

पावसाळ्यात खेळ बंद असायचा. भाऊसाहेबांनी मला सांगितलं, "बी.ए., तू शिकलेला. टायरांची मांडणी काढ कागदावर." मी ग्राफपेपर आणला. लोखंडी अँगलचे कप्पे, एकावर एक, प्रत्येकात एक टायर आडवा, लायब्ररीतल्या ग्रंथासारखा. नागपूरच्या एका कारखान्याचा अंदाजही मागवला. तो वाचून भाऊसाहेब म्हणाले, "एवढ्यात त बैलजोडी येते रे, झुलीसकट." कागद कवडूकडे गेला. त्यानं तो उलटा-सुलटा पाहिला.

"बाबू, चित्र झ्याक हाय. एक सांगा. तुमी रातभर एकाच कुशीवर निजता?"

"नाही."

"मंग याले काहून निजवता? अंग चपटं होते त्याचं. टायर उभा पाह्यजे. आन् आठ दिवसांत एकडाव फिरवाले पाह्यजे, पाव चक्कर. गाईले कशी मोकळी सोडतेत, तसं."

माझा अपमान झाला. पदवीधर माणसाला अर्ध्या चड्डीतला माणूस गाईचं उदाहरण देतो! दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. त्याला ते कळलंही नसावं, कारण तो दोन दिवस प्रेसिंग फॅक्टरीच्या मागं भंगार उचकत होता. कापसाच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या, तुटलेल्या वाकड्या पट्ट्यांचा तिथं ढीग असतो. तो भारा डोक्यावर घेऊन आला. विहिरीच्या मोडक्या सागवानी फळ्या होत्याच. फाटका बारदाना होता. खिळे सोडले तर विकत काहीच आणलं नाही.

डब्ब्याच्या पुढच्या भिंतीला, मोटारीच्या बॉनेटच्या वर जी जागा फुकट जायची, तिथं त्यानं दोन आडवे दांडे बसवले, पट्ट्यांच्या दुहेरी कोयंड्यांत. घराघरांत ताटं उभी लावायचं ताटाळं असतं, तसंच. दोन दांड्यांमध्ये टायर उभे, एकमेकांना न चिकटता. दांड्यांना बारदाना गुंडाळलेला, कारण पट्टीच्या धारेनं रबर कापतं हे त्यानं आधी स्वतःच्या तळव्यावर ओढून पाहिलं. रक्त आलं तेव्हा म्हणाला, "बराबर." घासलेटचे डबे आणि बॅटरी दाराजवळ, दुसऱ्या टोकाला, मध्ये फळीचा आडोसा. मी चौकटीत उभा राहून बघत होतो. माझा ग्राफपेपर त्यानं बारदान्याखाली घडी करून घातला होता, तेवढाच त्याचा उपयोग झाला.

मग परीक्षा. हबीबचं हाड जुळलं होतं, तो म्हणाला, "मैं ट्रक चलाता, बडनेरा तक जाके आते." कवडू म्हणाला, चाल. आणि स्वतः डब्ब्यात शिरला.

"अरे आत कुठं?"

"उभे राहतेत का पडतेत, ते बाहीरून कसं दिसन?"

दार बाहेरून लावून घेतलं. भर दुपार, लोखंडी डब्बा, आणि हबीबनं मुद्दाम डांबरी सोडून गाडीवाटेनं ट्रक घातला. मी पुढं हबीबशेजारी. मागून दोन-तीनदा ठोकल्याचा आवाज आला. हबीब म्हणाला, टायर असतील. बडनेऱ्याला दार उघडलं तर कवडू मोटारीच्या बॉनेटवर बसलेला, भुवयांपर्यंत पांढरी धूळ, मांडीवर एक टायर, लेकरासारखा. खाली उतरला, रुळाच्या कडेला जाऊन ओकला, नळावर तोंड धुतलं.

"राहिले का उभे?" मी विचारलं.

"उभे राह्यले. पन नाचून राह्यले."

"और ठोका क्यूँ नहीं, कवडूभाई?" हबीब म्हणाला.

"ठोकलं ना बाप्पा! तीनदा ठोकलं. तू कायले ऐकतं?"

परत येऊन त्यानं वरून तिसरा दांडा बसवला, बिजागरीवर उघडमीट होणारा, आणि त्याला लाकडी पाचर. मग टायर नाचले नाहीत. दर सोमवारी येऊन तो पाचर काढायचा, चारी टायर पाव चक्कर फिरवायचा, खडूनं खूण करायचा. मांडणी पाहायला अकोल्याहून दोन सर्व्हिस मोटारवाले आले. भाऊसाहेब त्यांना म्हणाले, "आमच्या बी.ए.नं काढली कागदावर." मी नाही म्हणालो नाही. कवडू तिथंच पाचर तासत होता.

त्याच पावसाळ्यात पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपा-हळदीनं मळतात, हे आमच्याकडे कोणाला सांगायला नको. भाऊसाहेबांकडे आता पटाची जोडी नव्हती. संध्याकाळी ते वाटीत हळद कालवलेलं तूप, हातात पळसाचं पान घेऊन शेडात आले, मागं दोन गडी, गोंडे आणि झूल घेऊन. म्हणाले, "आता हेच माह्ये बैल. काढ रे कवड्या टायर. खांदे मळू."

टायराला तेल-तूप लागलं की ते रबर खातं हे कवडूनं मला शंभरदा सांगितलं होतं. कवडू सरळ उठला.

"मळा ना भाऊसायेब. पन खांदा कोनता?"

"म्हंजे?"

"टायर त पाय झाले. जू जिथी लागते तो खांदा." आणि त्यानं त्यांना डब्ब्याच्या पुढं नेलं, जिथं ट्रकला अडकवायचा आकडा असतो त्या लोखंडी दांड्यापाशी. "हा घ्या खांदा. यानंच वढते सारं."

भाऊसाहेबांना पटलं. इतकं पटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्या आकड्याला मन लावून तूप चोळलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असं आमंत्रणही दिलं. दुसऱ्या दिवशी पुरणाची पोळी आकड्यावर ठेवली. कवडू मला हळूच म्हणाला, "आकडा गंजलाच होता. तूप नाई त ग्रीस द्यावंच लागलं असतं."

मी हसलो. इतका हुशार माणूस, याला कोण अडवणार, असं मला वाटलं.

मग दसरा. कवडू दर दसऱ्याला नागपूरला जायचा, बायकोसकट, पांढऱ्या कपड्यांत. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबू, उद्या हत्यारं पुजतीन. कुंकू लावू द्या, फुलं वाहू द्या. तेल नोको. ध्यान ठेवसान?"

"तुम्ही जा निश्चिंत," मी म्हणालो. अगदी असंच म्हणालो.

दसऱ्याला सकाळी भाऊसाहेब आले. पाचर त्यांनी स्वतः काढली. चारी टायर खाली उतरवले, पाटावर मांडले. घरच्या घाण्याचं जवसाचं तेल आणलं होतं. "पोळ्याले कवड्यानं आकड्यावर भागवलं," ते म्हणाले, "पन मले स्वप्न पडलं, उजवा बैल आला होता. पाय चोळून मागत होता." मी म्हणालो, "भाऊसाहेब, मिस्त्री म्हणत होता की…" ते म्हणाले, "वाटी धर."

मी वाटी धरली.

त्यांनी एकेक टायर मांडीशी घेऊन चोळला, आतून-बाहेरून, भक्तीनं. मी वाटी धरून उभा. टायर इतके चमकले की गडी म्हणाले, नवे दिसतेत. मग ते पुन्हा मांडणीत लावले, उभे, पाचर ठोकून.

पाच दिवसांनी कोजागिरी, अकोल्याला पहिला खेळ. कवडू दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परतला, आल्याआल्या डब्ब्याचं दार उघडलं आणि पायरीवरच थांबला. नाक वर केलं.

"जवस," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "बाबू, तुमी होते ना अथी?"

"होतो."

पुढं त्यानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. दिवसभर तो रिठ्याच्या पाण्यानं आणि राखेनं टायर घासत होता. संध्याकाळी त्यानं खडू घेतला आणि टायरावर रेघ ओढली. रेघ उमटेना. खडू नुसता सरकत होता. पुन्हा घासलं, पुन्हा ओढली. पुन्हा तेच. मग तो टायर घेऊन भाऊसाहेबांच्या ओसरीवर गेला. मीही गेलो, हबीब तिथंच होता.

"भाऊसायेब, हे टायर बाद झाले. खडू धरत नाई, त भित कशी धरन?"

"कशानं बाद झाले?"

"तेलानं."

"पूजेच्या तेलानं?"

"पूजेचं नाई बोलून राह्यलो. तेलाचं बोलून राह्यलो."

"कालपावेतो आमच्याच देवाच्या पाया पडत होतास. नागपूरले जाऊन आलास की आमची पूजा बाद?"

"पूजा बाद नाई जी. टायर बाद हाय."

तो जितक्यांदा तेल म्हणत होता, तितक्यांदा ओसरीवर बसलेल्या माणसांना धर्म ऐकू येत होता. मला अजून वाटतं की दुसऱ्या कोणी, त्यांच्या एखाद्या सोयऱ्यानं हेच सांगितलं असतं, तर भाऊसाहेबांनी डोक्याला हात लावून 'अरे चुकलंच' म्हटलं असतं. ते दुष्ट नव्हते. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"बी.ए., तू सांग. तू शिकलेला. तेलानं टायर खराब होते का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कवडूही. मी म्हणालो, "तसं… माझ्या वाचनात काही आलेलं नाही."

खरं होतं ते. मौर्यांच्या आणि मराठ्यांच्या इतिहासात तेलाचे टायर कुठून येणार?

मग हबीबला विचारलं. गळ्याचं हाड मोडल्यापासून त्याचा पगार बंद होता. तो कवडूकडे न बघता म्हणाला, "चढाता मैं. हलका तेल है, दो चक्कर में घिस जाता. अल्ला मालिक." टायर तेव्हा पैसे टाकून लगेच मिळण्यातली वस्तू नव्हती, नवे यायला महिना-दोन महिने. अकोल्यात पाट्या लागल्या होत्या, मजकूर माझा होता.

कोजागिरीच्या दुपारी अकोल्याच्या मैदानात विहीर उभी राहिली. कवडूनंच उभी केली, प्रत्येक फळी तपासून. लोक जमू लागले. हबीब लाल सदरा घालून फिरत होता, त्याच्या पोरी आल्या होत्या. कवडू त्याच्यापाशी गेला. मी जवळच होतो.

"हबीब, आज नोको चढू."

"फिर वोही बात, कवडूभाई?"

"फटफट्या फिरू दे. मोटार नोको."

"और खायेंगे क्या?"

कवडूनं मान हलवली, 'बरं' म्हणाल्यासारखी. डब्ब्यात शिरला, दार आतून ओढून घेतलं. सगळ्यांना वाटलं टायर काढून आणतोय. बराच वेळ आला नाही. आत जोर केल्याचे, दम खाल्ल्याचे आवाज. मग दार उघडलं. हातात चामडं कापायची रापी होती. आम्ही आत पाहिलं. चारी टायर मांडणीतच होते, उभे, नीट अंतरानं, पाचर ठोकलेली. चारींच्या कुशी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलेल्या. ज्या माणसानं मला टायरवर बसू दिलं नाही, त्यानं हे केलं. त्याचा चेहरा मी पाहिला आहे. कसायाचा नव्हता तो.

हबीबला तो म्हणाला, "जाय. पोरी आल्या हायेत, जेवून घे."

हबीबनं त्याच्या तोंडात मारली. "मेरे पेट पे रापी चलाया तूने! पाँच-पाँच बेटियाँ हैं मेरी!" आणि रडू लागला. भाऊसाहेब मारायला धावले नाहीत. नुसते म्हणाले, "एवढा द्वेष, कवड्या?" मैदानभर तेच झालं, की नवा धर्म घेतलेल्यानं पूजेचा सूड उगवला. दोन महिने मोटारीचा खेळ बंद राहिला. नवे टायर आल्यावर हबीब पुढं कित्येक वर्षं भिंतीवर चढला, धडधाकट राहिला आणि जन्मभर सांगत राहिला की कवडू मिस्त्रीचं डोकं फिरलं होतं.

इथंच माझी चिडचिड होते. हबीब मेला असता तर सारं गाव म्हणालं असतं, कवडू सांगत होता. तो मेला नाही, म्हणून कवडू वेडा ठरला. जे घडलंच नाही त्याचा दाखला कोणत्या कचेरीत मिळतो? मी बी.ए. आहे, अर्ज लिहिण्यात माझा हात कोणी धरत नाही. हा एक अर्ज मला आजवर लिहिता आला नाही. त्या दिवशी मैदानात मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. भाऊसाहेब मला मानत. मी पाट्या उतरवत होतो.

कवडूला परत कोणी मोटारीच्या कामावर ठेवलं नाही. मी पुढं बी.टी. केलं, हायस्कुलात मास्तर झालो.

पाच-सहा वर्षांनी बडनेऱ्याच्या फलाटावर तो दिसला. जास्त वाळलेला, केस पांढरे, खांद्याला हत्यारांची पिशवी. अकोल्याकडच्या एका कापसाच्या जिनात पंधरा दिवसांचं काम होतं म्हणाला. मी चहा घेतला दोघांसाठी. त्यानं घेतला. मग एवढी वर्षं जे मनात होतं तेच विचारलं.

"मिस्त्री, खरं सांगा. घसरली असती का हो मोटार त्या दिवशी?"

त्यानं चहा संपवला. बशी टपरीवाल्याला परत दिली.

"मले का ठाऊक, बाबू?"

"म्हणजे?"

"म्हंजे नोतं ठाऊक. घसरली असती, नसती बी घसरली. हबीब हुशार गडी. ठाऊक असतं की घसरतेच, त बोलून-भांडून पटवलं असतं. ठाऊक नोतं, म्हनून त कापले."

गाडी आली. मला म्हणायचं होतं की मी तेव्हा बोलायला हवं होतं. गर्दीत ते राहून गेलं; गर्दी नसती तरी राहिलं असतं. तो डब्यात चढला. मी खिडकीखिडकीतून शोधत गेलो. तो सापडला तेव्हा बसायला जागा असून उभा होता. एका म्हातारीनं वरच्या फळीवर भलं मोठं गाठोडं कसंबसं कोंबलं होतं, अर्धं बाहेर लोंबणारं, तिच्याच डोक्यावर. कवडू दोन्ही हात वर करून ते आत सरकवत होता.

"माह्या गाठोड्याले हात काहून लावून राह्यला रे बुढ्या?" म्हातारी खेकसली. "चोर-बिर हाय का?"

शेजारचे दोघं-तिघं त्याच्याकडे संशयानं बघू लागले. एकानं त्याचा दंड धरला. गाडी हलली. कवडू म्हातारीकडे बघतही नव्हता. गाठोड्याची गाठ आतल्या बाजूला वळवून, तळव्यानं दाबून, तो ते अजून थोडं मागं लोटत होता.